चिमणीला आत्ताच घोडा दाखवायचा का?

पत्र

डॉक्टरसाहेब, स. न. वि. वि.

मी प्रभादेवीला राहतो. बँकेतून निवृत्त, वय ६४. अडीच-तीन वर्षांपूर्वी आम्ही सहा मित्रांनी मिळून एक शिंगरू घेतलं. सहाही जण एका चाळीत वाढलेले, एका नळावर भांडलेले. कागदावर तिचं नाव भारदस्त आहे, आम्ही तिला चिमणी म्हणतो. आता चार वर्षांची झाली. नऊ वेळा पळाली, तीनदा जिंकली आणि या मोसमात एका ग्रेड थ्री (म्हणजे मानाच्या, दर्जा ठरवलेल्या) शर्यतीत घोड्याच्या अर्ध्या लांबीनं दुसरी आली. त्यानंतर आठवड्याभरात पुण्याकडच्या एका स्टड फार्मनं (घोड्यांची पैदास करतात तिथल्या) तिला मागणी घातली. रक्कम चांगली आहे. आजवरचा खर्च निघून वर थोडे उरतील. चौघं म्हणतात, देऊन टाकू. उद्या पाय मोडला तर हाती भोपळा. त्यातला एक रोज व्हॉट्सअ‍ॅपवर अमेरिकेतले दाखले टाकतो: फ्लाइटलाइन चौथ्या वर्षी थांबवला, जस्टिफाय तिसऱ्या वर्षी. पाचवा काहीच बोलत नाही. मला वाटतं, ती आत्ता कुठे पळायला लागली आहे. पण माझा वाटा १५ टक्के, म्हणजे आवाजही तेवढाच. फार्मवाल्यांना मार्चच्या आत उत्तर हवंय. बायको म्हणते, ‘विकायला घेतली होतीत की बघायला, ते आधी आठवा.’ माझं काही चुकतंय का? आणि तिकडे गेल्यावर तिचं पुढे काय होतं?

– एक भागीदार

उत्तर

प्रभादेवीकर, नमस्कार.

वहिनींच्या प्रश्नाकडे मी शेवटी येतो, कारण त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आधी कपाटातली फाइल काढा आणि एकच गोष्ट बघा: चिमणी तुमच्या मालकीची आहे की लीजवर? आपल्याकडे कितीतरी फिली, म्हणजे तरुण घोड्या, ब्रीडरकडून पळवण्यापुरत्या लीजवर घेतलेल्या असतात. पळणं संपलं की घोडी जिथून आली तिथे परत. मालक हौशीनं ‘आमची घोडी’ म्हणत असतात आणि करारात शेवटच्या पानावर भलतंच लिहिलेलं असतं. तुम्ही बँकेत होतात, तुम्ही वाचलं असेल. तुमच्या मित्रांनी वाचलंय का, याची मला शंका आहे. लीज असेल तर हे सगळं भांडण दुसऱ्याच्या घोडीवरून चाललंय. पुढचं मी ती तुमचीच आहे असं धरून लिहितो.

आता व्हॉट्सअ‍ॅपवाले मित्र. त्यांचे दाखले खरे आहेत, फक्त ते सगळे नरांचे आहेत. खरी गोम इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फ्लाइटलाइन सहा शर्यती पळाला, सहाही जिंकला. सहा शर्यतींत मिळून त्यानं सुमारे ४५ लाख डॉलर कमावले. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याला थांबवलं आणि त्याच्या मालकीचा फक्त अडीच टक्के हिस्सा केंटकीत लिलावात निघाला. तो गेला ४६ लाख डॉलरला. म्हणजे घोड्यानं आयुष्यभर पळून जे मिळवलं त्यापेक्षा जास्त पैसे त्याच्या चाळिसाव्या भागाला मिळाले. पुढच्या मोसमात एका घोडीमागे त्याची फी होती दोन लाख डॉलर. शंभर घोड्या आल्या तरी एका मोसमात दोन कोटी डॉलर. असा घोडा पुन्हा ट्रॅकवर सोडायचा म्हणजे भरलेली तिजोरी लोकलच्या दाराशी उभी करायची. जस्टिफायचंही तेच. २०१८ च्या १८ फेब्रुवारीला पहिली शर्यत, ९ जूनला शेवटची, मध्ये अमेरिकेचा ट्रिपल क्राउन (तीन मोठ्या शर्यती एकाच वर्षी जिंकण्याचा मान), आणि १११ दिवसांत सगळी कारकीर्द आटोपली. घोट्याला सूज आली आणि जुलैत निवृत्ती जाहीर झाली.

हे आजचंही नाही. १९७३ मध्ये सेक्रेटॅरिएटचे ३२ हिस्से करून प्रत्येकी १,९०,००० डॉलरला विकले गेले ते त्यानं ट्रिपल क्राउन जिंकण्याच्या आधी. तिसरं वर्ष संपलं की घोडा फार्मवर, हेही तेव्हाच ठरलं होतं. म्हणजे ती प्रसिद्ध बेलमाँट शर्यत तो ३१ लांब्यांनी जिंकत होता तेव्हा त्याची निवृत्तीची तारीख कागदावर आलेली होती. मी त्या शर्यतीची फिल्म पाहतो तेव्हा दर वेळी हे आठवतं आणि दर वेळी वाईट वाटतं. चौथ्या वर्षी तो काय झाला असता हे कोणाला कळलंच नाही. इंग्लंडच्या फ्रँकेलच्या मालकांनी मात्र त्याला चौथ्या वर्षीही पळवला. १४ पैकी १४ जिंकून २०१२ मध्ये तो थांबला. त्यानं फार्मवर त्याचं काही बिघडलं नाही, आज त्याची फी लाखो पौंडांत आहे.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक साधी शरीरशास्त्राची गोष्ट आहे. नर एका मोसमात शंभर, दीडशे घोड्या फळवतो. थरोब्रेडमध्ये (शर्यतीच्या घोड्यांची जात) कृत्रिम रेतन चालत नाही, जगात कुठेच नाही आणि आपल्याकडेही नाही. शिंगराची नोंद व्हायची तर घोडा-घोडी प्रत्यक्ष एकत्र यावे लागतात. तरीही दीडशे. त्यामुळे नराची किंमत म्हणजे त्याचं नाव, आणि नाव एका पराभवानं उतरतं. सहापैकी सहा जिंकलेला घोडा सातवी हरला की घोडीवाले दोनदा विचार करतात. म्हणून नरांचे मालक घाबरतात आणि पाय मोडण्याआधी हरण्याला घाबरतात.

चिमणीला वर्षाला एकच शिंगरू होणार. तिचं गर्भारपण अकरा महिन्यांचं. तिच्यावर शंभरांची फी बसत नाही. तिची किंमत ठरते तिच्या आईच्या घराण्यावर आणि तिनं स्वतः काय केलं त्यावर. आणि प्रभादेवीकर, तिनं जे केलं ते झालेलं आहे. ग्रेड शर्यतीत पहिल्या तिनांत आलेल्या घोडीचं नाव लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ठळक टाइपात छापतात, याला धंद्यात ब्लॅक टाइप म्हणतात. जिंकली तर तेच नाव मोठ्या अक्षरांत येतं. दुसरी आल्यामुळे चिमणीला ठळक अक्षरं मिळाली. उद्या ती पाचदा शेवटची आली तरी ती पुसली जात नाहीत. उलट एक ग्रेड शर्यत जिंकली तर अक्षरं मोठी होतात आणि मागणीही. म्हणजे नराच्या बाबतीत आणखी पळवण्यात गमवायचं जास्त असतं, तिच्या बाबतीत मिळवायचं. तुमच्या मित्रांनी गणित बरोबर सोडवलंय, प्रश्न दुसऱ्याच पेपरातला घेतलाय.

आणखी एक. हे अमेरिका-आयर्लंडचं गणित आपल्याकडच्या नरांनासुद्धा फारसं लागत नाही. भारतात फार्मवर जे वळू घोडे उभे असतात ते बहुतेक परदेशातून आणलेले. राझीनचंच बघा. १९९० च्या इंग्लंडमधल्या एप्सम डर्बीत तो फेव्हरिट होता आणि पार मागे राहिला. तिकडे त्याला कोणी विचारलं नाही. आपल्याकडे उषा स्टडमध्ये आला आणि वर्षानुवर्षं इथला अव्वल नंबरचा बाप ठरला. इथे महालक्ष्मीवर डर्बी गाजवलेल्या देशी नराला मात्र घोड्या मिळता मिळत नाहीत. त्यामुळे ‘चांगला घोडा लवकर फार्मवर गेला’ ही तक्रार आपल्याकडे खरं तर फिलींबद्दलच असते. आणि आपल्या फिली काही नाजूक नव्हेत. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी जिंकली ती फिलीनंच, प्रिन्सेस ब्युटिफुलनं. २०११ ची जॅकलिननं.

मग घोडीला आणखी पळवल्यानं तिच्या पोटी चांगली शिंगरं होत नाहीत का? हा प्रश्न मला चहाच्या टपरीपासून मेंबर्स एन्क्लोजरपर्यंत सगळीकडे विचारलाय. अर्बन सी नावाची घोडी पाचव्या वर्षापर्यंत पळत होती. एकूण २४ शर्यती, त्यात १९९३ ची पॅरिसची आर्क ही मोठी शर्यत जिंकलेली. त्यानंतर फार्मवर गेली आणि तिच्या पोटी २००१ च्या एप्सम डर्बीचा विजेता गॅलिलिओ आणि २००९ चा विजेता सी द स्टार्स, दोघंही जन्मले. ऑस्ट्रेलियाची विंक्स सातव्या वर्षापर्यंत पळाली, शेवटच्या ३३ शर्यती सलग जिंकून थांबली. तिचं पहिलं शिंगरू मृत जन्मलं हेही सांगितलं पाहिजे, पण ते पळण्यामुळे झालं असं म्हणायला काही आधार नाही. पुढे तिची मुलगी २०२४ मध्ये लिलावात एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला गेली.

तर मग फार्मवाल्यांना मार्चची घाई का? त्यात लबाडी नाही, कॅलेंडर आहे. सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस आपल्याकडे १ जानेवारीला धरतात. ३० डिसेंबरला जन्मलेलं शिंगरू दोन दिवसांत एक वर्षाचं होतं आणि मग आयुष्यभर आपल्याहून वर्षानं मोठ्यांबरोबर पळतं. म्हणून शिंगरू जानेवारीनंतर, पण लवकर व्हावं अशी सगळ्यांची धडपड. अकरा महिने मागे मोजा, फेब्रुवारी येतो. फेब्रुवारी, मार्च, एप्रिलमध्ये घोडा दाखवायचा. घोडी दर तीन आठवड्यांनी माजावर येते, एकदा हुकलं की तीन आठवडे गेले. त्यात ट्रॅकवरून थेट आलेली घोडी चटकन लागत नाही. तिचं अंग शर्यतीचं असतं, ताठ, आवळलेलं. तिला आधी मोकळं चरू द्यावं लागतं, अंगावर थोडं मांस यावं लागतं. घोडीचं चक्र दिवसाच्या लांबीवर चालतं. फार्मवर डिसेंबरपासून रात्री उशिरापर्यंत तबेल्यात दिवे ठेवून दिवस सोळा तासांचा करतात, म्हणजे ती फेब्रुवारीत तयार असते. चिमणीला मार्चमध्ये नेली तर यंदाचं वर्ष त्यांना कसंबसं साधेल, इतकंच.

तेव्हा सरळ हिशेब असा. आत्ता दिली नाही तर तिच्या आयुष्यातलं एक शिंगरू कमी होईल. तेही तुमचं नाही, घेणाऱ्याचं. घोडी पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत सहज वीत राहते. पुढच्या नोव्हेंबर-डिसेंबरात दिली तर ती पाचव्या वर्षात पाऊल ठेवत असेल आणि दिव्यांच्या मोसमाला वेळेवर पोचेल. घेणाऱ्याच्या दृष्टीनं ते मार्चपेक्षा बरं. हेच फार्म तेव्हा मागेल याची हमी मी देत नाही, पण ठळक अक्षरांची, सुदृढ, पाच वर्षांची घोडी मागणीवाचून पडून राहिलेली मी तरी पाहिली नाही.

मित्रांची पाय मोडण्याची भीती मात्र खोटी नाही. मी ती पाहिली आहे.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून रेसकोर्सच्या तबेल्यांत हिंडायला लागलो त्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. एक तपकिरी नर होता, तीन सलग जिंकलेला. मोठ्या शर्यतीच्या पाच दिवस आधी सायीसानं (घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दारानं) मला कोपऱ्यात बोलावून त्याचा डावा पुढचा पाय दाखवला. गुडघ्याखाली मागच्या बाजूला, नसेवर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी, टेंडन) हात ठेवला तर उजव्यापेक्षा किंचित गरम. सूज डोळ्यांना दिसत नव्हती. घोडा लंगडत नव्हता. मी ट्रेनरला सांगितलं, ट्रेनरनं मालकाला सांगितलं, मालकानं पाहुणे बोलावले होते. घोडा पळाला. सरळ रस्त्यावर शेवटच्या दोनशे मीटरांत तो एकदम खाली बसल्यासारखा झाला. नस तुटली होती, हाड नाही. जगला, पण पुन्हा पळाला नाही. आणि नर असूनही त्याला कोणी फार्मवर नेलं नाही, कारण वर सांगितलंच. मी आणखी एक-दोनदा बोललो असतो तर काय झालं असतं, हा विचार मी पुष्कळ वर्षं केला.

इथेही नर-मादीचा फरक पडतो. नस गेलेली घोडी पळायची थांबते, आई व्हायची थांबत नाही. खूर, नस, गुडघ्यातली हाडाची कपची, यातलं काहीही झालं तरी स्टड फार्मला तिचा गर्भाशय हवा असतो. तिची किंमत शून्य होते ती हाड असं मोडलं की घोडी कायमची झोपवावी लागली तरच. असं होतं, पण कधीतरी. त्या ‘कधीतरी’साठी विम्याची चौकशी करा. सहा जणांत वाटला तर हप्ता झेपेल.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. एका सकाळी ट्रेनरची परवानगी घेऊन महालक्ष्मीला जा. सहाच्या आत पोचा. त्या वेळी बाहेरच्या कडेनं चालायला आलेले लोक असतात, आत घोडे कामावर असतात आणि धुळीत-धुक्यात कोण कुठला ते फक्त सायीसांना ओळखू येतं. (आता रेसकोर्सच्या १२० एकरांवर बाग होणार म्हणतात. होऊ दे, पण पहाटेचं हे दृश्य बागेत मिळायचं नाही.) चिमणी काम करून परतली, तिला फिरवून थंड केली, धुतली, की सायीसाला सांगा, पाय बघायचाय. खाली वाका, तिच्या मागे कधीही नाही, बाजूला. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली, मागची जी दोरखंडासारखी नस लागते तिच्यावर हाताची मागची बाजू टेकवा. तळहातापेक्षा तिला ऊब जास्त कळते. मग दुसऱ्या पायावर. दोन्ही सारखे गार असले तर ठीक. तुम्हाला फरक कळेलच असं नाही, पण तुम्ही तिथे वाकलेले असताना सायीस बोलायला लागेल, आणि खरं काम ते. त्याला विचारा: वैरण उरवते का? रात्री पडून झोपते का, की उभीच असते? शर्यतीनंतर खाण्यावर परत यायला किती दिवस घेते? ट्रेनर तुम्हाला ‘सगळं छान’ म्हणेल, ते त्याचं कामच आहे. घोडीबरोबर दिवसरात्र सायीस असतो. आमच्या धंद्यात एक्स-रे, सोनोग्राफी सगळं आलं, तरी निम्मी निदानं मला सायीसांनीच सांगितली आहेत.

मग एका चांगल्या डॉक्टरकडून चारी पायांचे एक्स-रे आणि पुढच्या नसांची सोनोग्राफी करून घ्या. सहा जणांनी मिळून खर्च करा आणि अहवाल सहा जणांना वाचायला द्या. पाय स्वच्छ निघाले तर माझं मत स्पष्ट आहे: आत्ता विकू नका. मुंबईचा मोसम एप्रिलपर्यंत आहे. तो पळवा, उन्हाळ्यात विश्रांती द्या, मग जुलैपासून पुण्याचा पावसाळी मोसम. तिथला ट्रॅक पावसात मऊ असतो, काही घोड्यांना तो मानवतो, काहींना नाही, हे नऊ शर्यतींवरून ट्रेनरला कळलं असेल. ऑक्टोबरअखेर थांबा आणि तेव्हा विकायला काढा. पायात काही निघालं तर आजच द्या, एक दिवसही थांबू नका. तुमच्या मनाला वाईट वाटेल, तिच्या पायाला नाही.

एक कडू गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो. ग्रेड शर्यतीत दुसरी आल्यावर तिचं रेटिंग (कुठल्या वर्गात, किती वजन घेऊन पळायचं ते ठरवणारे गुण) वर गेलं असणार. यापुढे ती वरच्या वर्गात, जास्त वजन घेऊन, चांगल्या घोड्यांबरोबर पळेल. ती पुढचं वर्षभर एकदाही जिंकणार नाही, हे अगदी शक्य आहे. तुमच्या १५ टक्क्यांचा महिन्याचा खर्च चालूच राहील. चौघांना वर्षभराच्या त्या खर्चाची धास्ती असेल आणि ते बोलून दाखवायला अवघड वाटत असेल, म्हणून अमेरिकेचे दाखले येत असतील, असंही असू शकतं. निवृत्त माणसांच्या बैठकीत पैशाचं नाव सहसा दुसऱ्याच कशाच्या तरी आडून येतं. तो गप्प बसलेला पाचवा कदाचित सगळ्यांत आधी थकलेला असेल. त्याला एकट्याला भेटा, फोनवर नको.

त्यावर वाट आहे. फार्मनं जी रक्कम सांगितली आहे तीच किंमत धरून, ज्याला बाहेर पडायचंय त्याचा वाटा ज्यांना थांबायचंय त्यांनी घ्यायचा. चौघंही उठले तर तुम्हाला झेपणार नाही, मग तुमचा आग्रह सोडा. दोघं उठले तर जमू शकेल. वाट्यांतला बदल टर्फ क्लबकडे, म्हणजे शर्यती भरवणाऱ्या संस्थेकडे, रीतसर नोंदवा. चाळीतल्या मैत्रीवर विसंबून ‘आपलं आपलं’ म्हणून ठेवू नका. पुढे बक्षिसाच्या रकमेवरून पहिलं भांडण होतं ते यावरूनच. आणि कोणी सुचवलं की घोडी विकण्याऐवजी आपणच ठेवू, आपणच शिंगरं काढू, तर ती सूचना चहाबरोबर संपवा. आज फळली तर पुढच्या वर्षी शिंगरू, ते पळायला लागेपर्यंत साडेतीन वर्षं, तोवर आईचं राहणं-खाणं, वळूची फी, शिंगराचं राहणं-खाणं. चौसष्टाव्या वर्षी पेन्शनवर हा धंदा नव्हे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, तिकडे गेल्यावर तिचं काय होतं. चांगल्या फार्मवर घोडी ट्रॅकपेक्षा सुखात असते, हे मी मनापासून सांगतो. दिवसातले कितीतरी तास मोकळं कुरण, इतर घोड्यांची संगत, पाठीवर कोणी नाही. शर्यतीची घोडी आयुष्याचा मोठा भाग बारा-चौदा फुटांच्या खोलीत काढते, हे आपण रविवारी टाळ्या वाजवताना विसरतो. तेव्हा ‘बिचारीला लवकर निवृत्त केलं’ यातला ‘बिचारी’ हा शब्द बहुतेक वेळा आपल्यासाठी असतो. तिला डर्बी ठाऊक नाही.

घोर लागतो तो त्याच्याही पुढच्या टप्प्याचा. घोडी दोन-तीन वर्षं लागली नाही, भाकड राहिली, किंवा शिंगरं निकृष्ट निघाली, की ती पुढे विकली जाते. चांगलं नशीब असेल तर रायडिंग स्कूल. नसेल तर कुठेही. काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब महाबळेश्वरला गेलो होतो. वेण्णा तलावापाशी घोड्यांच्या रांगेत एक घोडी उभी होती, उंच, बाकीच्यांपेक्षा बारीक पायांची. नातीला तिच्यावर बसायचं होतं. घोडेवाल्यानं तोंड माझ्याकडे वळवलं आणि मला तिच्या कपाळावर दोन भोवरे दिसले, एकाखाली एक, खालचा उजवीकडे सरकलेला. त्या भोवऱ्यांचं चित्र तिच्या ओळखपत्रात मीच काढलं होतं, ती शिंगरू असताना. महालक्ष्मीवर ती चार शर्यती जिंकली होती. बरी दिसत होती, बरगड्या मोजता येत नव्हत्या, घोडेवाला तिला जपत होता. नात तिच्यावर दोन फेऱ्या मारून आली. मी घोडेवाल्याला काही सांगितलं नाही.

म्हणून विकायच्या करारात दोन ओळी घाला. एक, फार्मला ती पुढे कोणालाही द्यायची असेल तर आधी तुम्हाला कळवायचं आणि घ्यायची पहिली संधी तुम्हाला. दुसरी, तिचं पळणं किंवा वीणं संपल्यावर तिला कुठे ठेवणार, हे फार्मनं लिहून द्यायचं. फार्मवाला हसेल. हसू दे, पण लिहून घ्या. जो चांगला असतो तो हसत हसत सही करतो, आणि जो करत नाही त्याला घोडी देऊ नका, रक्कम कितीही असो.

वहिनींना सांगा, डॉक्टर म्हणाले की तुमच्या प्रश्नाचं उत्तर सहा जणांनी सहा चिठ्ठ्यांवर, एकमेकांना न दाखवता लिहावं आणि मगच एक्स-रेची तारीख ठरवावी.

आणि त्या सकाळी जाताना गाजरं न्या, गूळ नको. गाजर उभं, लांब चिरा. गोल चकत्या घशात अडकतात. द्यायच्या आधी सायीसाला विचारा, तिची शर्यत कधी आहे ते.